टीचरांचा घडीचा कॅमेरा परत करताना

आमच्याकडे सहल निघते ती दोन कारणांनी. एक तर माझ्या नवऱ्याला, नितीनला, नवा छंद लागलेला असतो, नाहीतर त्याने काहीतरी निस्तरण्यासारखं करून ठेवलेलं असतं. या वेळी दोन्ही एकदम जमून आलं.

छंद जुने घडीचे कॅमेरे दुरुस्त करण्याचा. झाकण उघडलं की बाजाच्या पेटीसारखा चामड्याचा भाता पुढे येतो, त्याच्या टोकाला भिंग. या भात्याला पडलेली भोकं अंधारात आत टॉर्च धरून शोधावी लागतात, म्हणून नवऱ्याने मनवेलपाड्याच्या आमच्या फ्लॅटचं एकुलतं एक बाथरूम दोन आठवडे ताब्यात ठेवलं. मी टॉवेल घेऊन बाहेर रांगेत.

कॅमेरा फिलोमिना टीचरांचा. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. त्यांचे मिस्टर गेल्यापासून तो कपाटात होता, "चालू होतो का बघा" म्हणून त्यांनी आमच्याकडे दिला. आणि आमच्या तज्ज्ञांनी घरी येताक्षणी, खिडकीपाशी, भर उजेडात मागचं झाकण उघडलं! आत वापरलेला रोल होता. उजेड लागला की फिल्म गेलीच. रोल धुतल्यावर आतल्या वेढ्यांमधले तीन फोटो वाचले, बाहेरचे पाच काळे. आता कॅमेरा परत करायचा होता आणि हे टीचरांना सांगायचंही होतं.

रविवारी सकाळी सातला स्कूटर काढली. तुम्ही वसईला जाणार असाल तर नालासोपारा पश्चिमेहून निर्मळ-भुईगावचा रस्ता घ्या. अरुंद आहे, समोरून बस आली की जीव मुठीत धरावा लागतो, पण दोन्ही बाजूंना केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. टीचरांचं घर याच रस्त्यावर, भुईगावच्या अलीकडे. घर आलं तसा नितीनने स्कूटरचा वेग वाढवला.

"अरे, गेलं की!"

"आत्ता त्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या असतील. परत येताना जाऊ. संध्याकाळी ऊनही छान असतं."

मग वसईचा किल्ला. तिकीट नाही, सावली भरपूर, पाणी मात्र बरोबर न्या. आत तीन जोडप्यांचं लग्नाआधीचं शूटिंग चाललं होतं. नितीनने नवा रोल भरला होता, त्यात फोटो आठच. एका कमानीसमोर त्याने मोबाइलवर उजेड मोजला, अंतराचा अंदाज घेतला, तो बदलला, पुन्हा घेतला. तेवढ्यात शेजारच्या नवरीने दोनदा साडी बदलली.

"अंकल, ये सच में चलता है क्या?" तिच्या फोटोग्राफरने विचारलं.

"बघू ना," मी म्हटलं, "अजून अंकललाही माहीत नाही."

तिथून पाचूबंदर. दांड्यांवर बोंबील वाळत होते, लिलाव आटोपला होता. नितीन मागे मागे सरकत होडीचा फोटो घेऊ लागला, तशी जाळं विणणारी एक मावशी ओरडली, "ओ दादा, मागं बगा! पानी चढतंय!" तोवर बूट भिजले होते. पुढे एका खानावळीत बोंबील फ्राय आणि तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या. पेट्रोल धरून दोघांचा सगळा दिवस हजाराच्या आत झाला. नितीन नीट जेवला नाही. "दमट हवेने रोल गेला, असं सांगितलं तर?" तो म्हणाला. मी म्हटलं, चालेल. खरं तर मलाही टीचरांची भीतीच वाटत होती.

चारला पोचलो. टीचरांनी सुकेळी पुढे केली. वाळवून मधासारखी गोड झालेली ही केळी वसईबाहेर सहसा मिळत नाहीत, मिळाली तर सोडू नका. नितीनने तीन प्रिंट दिल्या.

"ही विहीर. हे केळीचं बन. ही शेजाऱ्याची म्हैस," टीचर म्हणाल्या. "जन्मभर संसार केला, पण माझ्यापेक्षा म्हशीचे फोटो जास्त. आणि शेवटचा? तो मी काढला होता. मिस्टर विहिरीवर बसून हसत होते. बाकी त्यांचा आहे तो हाच."

भिंतीवर पासपोर्टचा फोटो मोठा करून लावलेला होता. कोर्टात उभं केल्यासारखा चेहरा.

"टीचर, आपल्याकडची हवा इतकी दमट की..." मी सुरू केलं.

"हवा नाही," नितीन म्हणाला. "मी झाकण उघडलं. रोल आहे का ते आधी बघितलंच नाही. माझी चूक."

मला तोंड लपवावंसं वाटलं. टीचरांनी एकदा बाहेर विहिरीकडे बघितलं. मग चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "जावईबापू, नवीन रोलमध्ये किती उरलेत?"

"एक."

"दोघं अंगणात उभे राहा. कान धरा. तू उघडलंस म्हणून. आणि प्राजक्ता, तू खोटं बोललीस म्हणून. मी असलं शिकवलं नव्हतं."

आम्ही खरंच कान धरले. टीचर आमच्यापासून पावलं मोजत मागे गेल्या, आठ मोजून थांबल्या, भिंगाचं कडं तेवढ्या अंतरावर फिरवलं आणि खटका दाबला. मोबाइल नाही, अंदाजाची घासाघीस नाही. मग त्यांनी कॅमेरा आमच्याच हातात दिला. "धुवून आणा. आणि याला कपाटात ठेवू नका."

घरी येऊन रोल धुतला. वसई पुन्हा बघायला मिळाली, सुकेळी आली, एक जोडी बूट कामातून गेले. एवढ्यावर सहल भागली असं मी लिहिणार होते. पण मग फोटो बघितले. नितीनचे सातही धूसर आले. कमान कुठली आणि होडी कुठली, हे त्यालाच सांगावं लागलं. आठवा मात्र लखलखीत. माझ्या कानातलं, नितीनच्या शर्टाचं तुटलेलं बटण, मागे विहिरीचा दगड अन् दगड.

आमच्या अवतारावर आम्ही पोट धरून हसलो. मग नितीनने तो फोटो पुन्हा हातात घेतला.

"म्हणजे मिस्टरांचा तो विहिरीवरचा फोटोही असाच आला असता," तो म्हणाला.