पेंढ्यावरच्या मुंग्या

पोर अंथरुणात मुतते, ही गोष्ट सकुबाईने दीड महिना लपवली आणि त्या दीड महिन्याची शरम तिला जन्मभर पुरली.

टोकावड्याच्या अलीकडे तिचं घर. नवरा कुंडलिक शेती उरकून रस्त्यावरच्या ढाब्यावर कामाला जायचा. सत्त्याण्णव सालची दिवाळी सरली, भात झोडून झालं, आणि नऊ वर्षांची अक्षदा, जिने तिसऱ्या वर्षीच गोधडी ओली करणं सोडलं होतं, ती पुन्हा रोज भिजून उठायला लागली. गोधडी वाळत घालायची ती अंगणाच्या कुंपणावर, आणि कुंपणापलीकडे हिराबाई. हिराबाईला दिसलं की गावाला दिसलं. सकुबाईने तोड काढली. पोरीला पडवीत नव्या पेंढ्यावर निजवायचं, सकाळी ओला पेंढा उचलून शेणाखाली दाबायचा. वर दिवेलागणीनंतर पाणी बंद. हंडा उंच फळीवर.

"आई, घोटभर दे ना गो."

"घोटभर आत, हंडाभर बाहेर! गप नीज."

पोर तीन-तीन भाकऱ्या खायची आणि तरी फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. सकुबाईला दिसत नव्हतं असं नाही. आंधळी नव्हती ती, लाजत होती. आंधळं माणूस निदान चाचपून तरी बघतं.

मग पेंढ्याला मुंग्या लागल्या. उंबऱ्यापासून थेट अंथरुणापर्यंत रांग. सकुबाईने लगेच ओळखलं, म्हणजे तिला तसं वाटलं. कार्टी गूळ चोरून अंथरुणात खाते! तिने निरगुडीचा फोक घेतला.

"बोल, किती खाल्लास?"

"नाय गो खाल्ला, आई. शप्पत नाय."

पोटरीवर दोन वळ उठल्यावर तिने गुळाचा डबा काढला. ढेप अख्खी. फडक्याची गाठ तिने मारली होती तशीच. तिने डबा जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी अक्षदा गोठ्यात सापडली. गुरांच्या पाण्यात तोंड घालून पीत होती. तशीच तिला उचलून सकुबाईने मुरबाडची एसटी धरली. हिराबाई सोबतीला म्हणून मागून चढलीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीची जीभ पाहिली, डोळे पाहिले. "लघवीला फार जाते? अंथरुणात होते?"

शेजारी हिराबाई. सकुबाई म्हणाली, "नाय हो. तशी सवय नाय तिला."

डॉक्टर टॉनिक लिहायला लागले. अक्षदा खाली मान घालून बसली. घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. सकुबाईची नजर तिच्या पोटरीवर गेली. वळ अजून लाल होते.

"डॉक्टर, थांबा. खोटं बोलले मी. रोज मुतते ती. पेंढ्याला मुंग्या लागतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मुंग्या? आणि हे आत्ता सांगताय?"

लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी तापवली. विटेसारखा रंग आला.

"साखर आहे. पोटात नाही, रक्तात. ती साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, म्हणून तहान. पाणी तोडलं नाहीत ना तिचं?"

सकुबाईने पदर तोंडात धरला. त्याच दुपारी गाडी करून पोरीला कल्याणला न्यायचं ठरलं. गाडीची वाट बघताना हिराबाई म्हणाली, "माझ्यापासून लपवलंस? अगो, आमचा भावेश सातवीत जाईपर्यंत मुतायचा!"

कुणी थोबाडीत मारली असती तर सकुबाईला बरं वाटलं असतं.

इन्सुलिन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत अंथरूण कोरडं राहू लागलं. कुंडलिक सुई टोचायला शिकला. मग सकुबाईही शिकली.

आता अक्षदा एकवीस वर्षांची आहे, वाशिंदला कारखान्यात हिशेब बघते, स्वतःची सुई स्वतः घेते. सुटीला घरी आली की अंधार पडल्यावर हंड्यापाशी थबकते.

"आई, पाणी घेऊ?"

विचारू नको गो, एवढं सांगायला सकुबाईचं तोंड बारा वर्षांत उघडलेलं नाही. ती उठते, तांब्या भरते आणि तिच्या हातात देते.