बाबांचा राउटर

"त्यांना सारखं विचारू नकोस, त्यांचं त्यांना आठवू दे, सांगितलं ना तुला," आई म्हणाली.

"मग कोणाला विचारू, भिंतीला? घरून ऑफिसशी जोडणाऱ्या व्हीपीएनची किल्ली त्यांनी बदललीय. नवी किल्ली आपल्या राउटरमध्ये भरल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही. आठवडा होत आला, मी नुसती घरात बसलेय."

"एरवी काय बाहेर बसतेस?"

"आई, चेष्टा नको."

बाबा दोघींच्या मध्ये, संगणकापुढे बसले होते. उजवा हात मांडीवर, कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. डाव्या हाताच्या एका बोटानं ते अक्षरं शोधत होते.

ते नोकरीला होते त्या मालवाहतूक कंपनीच्या सगळ्या शाखांचे राउटर त्यांनीच बसवले होते. एकदा कोणीतरी बाहेरून नेटवर्कमध्ये घुसून कंपनीचा सगळा कारभार ठप्प केला, तेव्हापासून त्यांचा कशावरच विश्वास राहिला नाही. घरातही तोच बंदोबस्त. राउटरच्या सेटिंग बाहेरून उघडायच्या नाहीत, वायफायवरून नाहीत. फक्त या एका संगणकावरून. पासवर्ड तीनदा चुकला की अर्धा तास सगळं बंद. रीसेटचं बटणही निकामी करून ठेवलेलं. पासवर्ड कुठं लिहून ठेवा म्हटलं, तर म्हणायचे, "डोकं कशाला आहे?"

मग त्या डोक्यातच गुठळी झाली. हल्ली पाणी हवं असलं की ते 'गाडी' म्हणत.

पडद्यावर लाल ओळ आली. तिसऱ्यांदा.

"गाडी," बाबा म्हणाले.

मुलीनं पेला पुढे केला. त्यांनी मान हलवली. "नाही. ते... खालचं."

"खालचं म्हणजे? छोटं अक्षर?"

"हो. नाही." मग एका बाजूनं हसून ते अगदी स्पष्ट म्हणाले, "फार शहाणपणा."

मुलगी आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली. "ऑफिसचा माणूस नवा राउटर बसवून देतो म्हणतोय. मी हो म्हणायचाच अवकाश."

"आणि मग ते सकाळी उठून काय करतील? डॉक्टरांनी व्यायामाला दिलेला चेंडू हातात धरत नाहीत. पण या खुर्चीत बसायचं म्हणून अंघोळ करतात, शर्ट मागतात."

मुलीचं खोटं नव्हतं, आईचंही नव्हतं.

अर्ध्या तासानं पडद्यावर पासवर्डची चौकट पुन्हा उघडली. बाबांनी एक अक्षर दाबलं, खोडलं. पुन्हा तेच दाबलं, पुन्हा खोडलं. मग त्यांनी कीबोर्ड आईकडे सरकवला.

"तू सांग."

"अहो, मला कुठं माहीत?"

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला माहीत आहे, ती मुद्दाम सांगत नाही, असे. आईनं उगाचच दोन बटणांवर बोटं टेकवली आणि काढून घेतली. बाबा तरीही वाट बघत होते.

तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि मुलीकडे वळली.

"उद्या त्या माणसाला यायला सांग. हा राउटर काढून टाकायचा. आणि आजपासून या घरात यांना पासवर्ड कोणी विचारायचा नाही."