मोठेबाबांचा दुपारचा प्रवास

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एसटीत कंडक्टर होते. मंगरूळपीरहून मानोरा, कारंजा, वाशिम आणि फार तर अकोला, एवढ्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ते टपावरून एका म्हातारीचं गाठोडं उतरवून देत होते, तेव्हा शिडीवरून पाय निसटला. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, दवाखान्यात असतो तशा पलंगावर ते पडून असत. शेजारी लाकडी बाजेवर त्यांची बायको, माझी मोठीआई.

मी त्यांच्याच गावात शाळेत शिकवते. माझं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. दर रविवारी दुपारी मी जायची. मोठीआईला हात द्यायची, मोठेबाबांची दाढी करून द्यायची, चार वाजता चहा घेऊन परत यायची.

पुण्याच्या त्यांच्या मुलाने मोबाईल आणि तो पलंगाला लावायचा एक वाकडा स्टँड पाठवला, तेव्हापासून मोठेबाबा बदलले. कुणी तरी हौशी माणसं देशोदेशी फिरतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, ते बघायचा त्यांना नाद लागला. जॉर्डनमधला गुलाबी दगडाचा डोंगर, त्यात कोरलेले महाल. तुर्कस्तानात पहाटे उडणारे फुगे. मी गेले की ते मला सांगत बसायचे. मला बरं वाटायचं. नाही तर तोवर ते दिवसदिवस छताकडे बघत असत.

नक्की कधीपासून ते आठवत नाही, पण त्यांच्या बोलण्यात ‘पाह्यलं’ जाऊन ‘गेलो’ आलं.

“काल मी त्या गुलाबी डोंगरात गेलो होतो,” एकदा दाढीचा फेस गालावर असतानाच ते म्हणाले. “दोन्हीकडून कडे, मधात एवढुशी वाट. उन्हाळा बाहेर, अन् आत मात्र गार. भिताडाले हात लावला तं हाताले रेती लागते.”

“व्हिडिओत बघितलं असेल, मोठेबाबा.”

“व्हिडिओत गार लागते काय?”

मी हसले. मोठीआई हसली नाही. ती दारात परात घेऊन उभी होती. दाढी झाल्यावर तिने मला मागच्या अंगणात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, “यायच्या टाचा पाह्यल्या काय तू?”

तिने आत येऊन पांघरूण वर केलं. चार वर्षं जमिनीला न टेकलेले पाय होते ते. मी पूर्वी कित्येकदा पुसले होते. तान्ह्या लेकरासारख्या मऊ टाचा, पांढऱ्या फटक. आता त्या टाचांना भेगा पडल्या होत्या. शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाला पडतात तशा, खोल, आणि भेगांच्या कडा घट्ट झालेल्या. मी बोट फिरवलं. मोठेबाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काही कळलं नाही, कळणार कसं.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कोरडी हवा आहे, तेल लावा. मोठीआईने तेल लावलं, आणि मोबाईल काढून कपाटात कुलपात ठेवला.

आठवडाभर मोबाईल कपाटातच होता. पुढच्या रविवारी मी गेले तर मोठेबाबा खुशीत. प्रागला जाऊन आलो म्हणाले. तिथल्या चौकात जुनं घड्याळ आहे. तास झाला की त्यावरचा हाडांचा सापळा हाताने घंटी वाजवतो, आणि वरच्या दोन खिडक्यांतून संतांच्या मूर्ती एकामागून एक फिरून जातात. “ओळीत, बरं का. धक्काबुक्की नाई. आपल्या लोकायले शिकवलं पाह्यजे.”

मी घरी येऊन शोधलं. घड्याळ होतं. सापळा होता. आधी कधी तरी बघितलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मोठीआईने मात्र त्या दिवशीच मोबाईल कपाटातून काढून दिला. लपवून उपयोग नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

त्यांचं जाणं दुपारीच असे. जेवण झालं की दोनच्या सुमाराला त्यांचा डोळा लागे, चारला जाग येई. त्या दोन तासांत त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नसे. झोपलेल्या माणसाचा चेहरा सैल पडतो. त्यांचा तसा पडत नव्हता. भुवया वर जात, ओठ हलत, आणि मधूनच मान अशी वळे, जशी बाजूने काही तरी मोठं गेल्यावर आपली वळते. पायांवरचं पांघरूण मात्र जागचं हलत नसे.

मग एका रविवारी मी गेले तर मोठीआईही झोपलेली. तिची बाज पलंगाला लावून घेतलेली आणि तिच्या हातात मोठेबाबांचं मनगट. दुपारी आडवं होणं हे तिला कधी माहीत नव्हतं. मी खुर्चीत बसून वह्या तपासत राहिले. खोलीत पंख्याचा आवाज होता. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की दोघांचा श्वास एका तालात चालला आहे, आणि तो झोपेतला नाही. चढ चढताना लागतो तसा आहे.

चार वाजता दोघं एकदमच उठले. मोठीआई स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती भेंडी चिरायला बसली होती.

“लाकडाचा पूल हाय,” ती खाली बघतच म्हणाली. “वरतून छप्पर. छपराखाली तीन कोनाचे फोटो रंगवलेले, जुनेपुराने. पान्यात एक दगडाचा बुरूज. अन् पानी कसं, तळ दिसते त्याचा.”

ल्युसर्नचा पूल. स्वित्झर्लंडमधला. मोठीआईचं माहेर मानोऱ्याकडचं, चार बुकं शिकलेली. मोबाईल तिने कुलपात ठेवण्यापलीकडे हातात धरला नव्हता.

“मोठीआई, तू जाऊ नको,” मी म्हणाले. मलाच माझे शब्द ऐकून भीती वाटली, कारण जाऊ नको म्हणताना मी ते खरं धरलं होतं.

ती थांबली. “काहून नको जाऊ? तिथं यायचे पाय चांगले हायत. भराभर चालतेत. मले म्हनतेत, चाल लवकर, कायले मांगं राह्यते.” आणि ती हसली. लग्नातल्या फोटोत हसते तशी.

पुढचे काही महिने ते दोघं रोज जात. मोठीआई उन्हाने रापल्यासारखी दिसायला लागली. तिने समुद्र बघितला. आयुष्यात पहिल्यांदा. कुठला ते तिला सांगता येत नव्हतं. बेटावर चढणीची पांढरी घरं, निळे घुमट, पायऱ्यापायऱ्यांवर मांजरी. मोठेबाबांनी नाव सांगितलं, सँटोरिनी. इतर जागा ते एकदाच बघत. तिथे मात्र मोठीआईच्या हट्टापायी पुन्हा पुन्हा जात. “तिले ते घरं आवडले,” ते मला म्हणाले, जरा कुरकुरतच. “दुसरीकडं चालतच नाई.”

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. शेजारणीने निरोप दिला म्हणून मी धावत गेले. मोठेबाबा ओरडत होते, “उठव तिले! पोरी, उठव!” त्यांनी मोठीआईचा हात एवढा घट्ट धरला होता की सोडवायला दोन माणसं लागली. ती उताणी निजली होती. चेहऱ्यावर त्रास नव्हता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

आंघोळ घालताना मी तिचा उजवा हात धरला होता. नखांत पांढरं काही तरी होतं. बोटांच्या पेरांवरही, वाळून तडकलेलं. मी चिमटीत घासलं. चुना होता. बायकांतली एक म्हणाली, तंबाखूचा असेल. मोठीआईने तंबाखू कधी खाल्ली नाही, आणि त्यांच्या घराला तेलरंग आहे. मी पाण्याने धुऊन टाकला. कुणाशी बोलले नाही, मोठेबाबांशी तर नाहीच.

तेरवी झाली, पाहुणे गेले. पुण्याचा मुलगा त्यांना न्यायला तयार होता, ते नाही म्हणाले. स्वयंपाकाला एक बाई ठेवली. पहिल्या रविवारी मी दाढीचं सामान काढलं, तेव्हा ते आपणहून बोलले.

“तिथं एक बाई भिताडाले चुना लावत होती. तुही मोठीआई गेली तिच्या जोळ. भाषा ना पाषा. घेतला कुंचा अन् लागली हात मारू. चार वाजत आले. मी म्हनलं, चाल वो, टाइम झाला. तं मले म्हनते, तुमी व्हा पुढं, एवढं भिताड पुरं करून येतो मी.”

माझ्या हातातला वस्तरा मी खाली ठेवला.

“मले वाटलं येईन मांगून. मी आलो. मानसं मोजून पाह्यले नाई मी. आख्ख्या नोकरीत कोनाले असं रस्त्यात सोडलं नाई, अन् घरच्या मानसाले सोडून आलो.”

मी विचारलं, “मग परत जाऊन बघितलं नाही?”

“रोज पाह्यतो. डोये मिटतो. अंधारच दिसते नुसता. बंद झालं ते.”

मोबाईल त्यांनी मुलाकडे परत पाठवून दिला.

याला आता दीड वर्ष झालं. ते जेवतात, औषधं घेतात, पेपर वाचतात. मी रविवारी जाते. मागच्या महिन्यात दुपारी मी खुर्चीत बसले होते. ते झोपले आहेत असं मला वाटलं. पण त्यांनी हात पुढे केला, तळवा वर, आणि डोळे मिटूनच विचारलं, “तुले कुठं जावंसं वाटते वो, पोरी?”

मला लहानपणापासून बर्फ पडताना बघायचा आहे. ते शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

“कुठंच नाही, मोठेबाबा,” मी म्हणाले.

हात तसाच राहिला थोडा वेळ. मग त्यांनी तो छातीवर घेतला. “बरं हाय,” म्हणाले. मी उठून चहा ठेवला. साखर जास्त पडली. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.