गळाचे दोरे

ओटावातले आमचे शेजारी, गंगाकाठचे भाईसाहब, रोज नदीवर जाऊन लोकांच्या गळाचे तुटलेले नायलॉनचे दोरे उचलतात आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवतात.

“सूंस फँसेगी, बहनजी.” सूंस म्हणजे त्यांच्या नदीतली डॉल्फिन. आता क्वचितच दिसते.

“भाईसाहब, कॅनडा में कहाँ सूंस?”

“मालूम है.”

एकदा त्यांनीच सांगितलं. तरुणपणी त्यांच्या जाळ्यात एक अडकली, श्वासाला वर येता येईना, मेली. तिचं तेल काढून आमिषाला लावलं. “बहुत मछली मिली,” म्हणून हसले आणि डोळे पुसले. मी चहा ठेवला.

या आठवड्यात ते आजारी आहेत. काल मी ग्रोसरी आणायला गेले आणि नदीवरून परतले. पिशवीत कोथिंबिरीखाली दोरा होता. कॅनडात सूंस नाही, हे मला पक्कं माहीत आहे.