नकाशात नसलेली वाट

ते प्रकरण आठवलं की आधी माझी चूक आठवते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. एका निरपराध म्हाताऱ्याला मी शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कोठडीत ठेवलं. तो निर्दोष असल्याचा पुरावा मिळत नव्हता, असंही नाही. पुरावा माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. मी तो वाचला नाही.

मी मूळचा नागपूरचा. सतराव्या वर्षी आईबाबांबरोबर कॅलिफोर्नियात आलो. सांता क्लाराच्या आसपासच्या एका शहरात पोलिसात भरती झालो, तेव्हा आमच्या मराठी मंडळींत कुणाचा विश्वास बसेना. "इंजिनिअरिंग सोडून पोलीस? यार, काही प्रॉब्लेम झाला का?" असं एका काकांनी मला भर जेवणाच्या रांगेत विचारलं होतं. त्यामुळे डिटेक्टिव्ह झालो तेव्हा मला एखादी मोठी केस हवीच होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती मिळाली.

संगणकाच्या चिप्सच्या धंद्यात वर आलेल्या एका माणसाने टेकडीवर घर बांधलं होतं. आत मात्र त्याला जुनी आयरिश हवेली हवी होती. एका विक्रेत्याने आयर्लंडमधल्या मोडीत निघालेल्या इस्टेटीचं सामान त्याला आणून दिलं: ओकचा जिना, शेकोटीची संगमरवरी चौकट, नोकरांना बोलावण्याच्या घंटांची फळी आणि त्या इस्टेटीचा दोनशे वर्षांपूर्वीचा हाताने रंगवलेला नकाशा. गृहप्रवेशाच्या आठवडाभर आधी, एका शुक्रवारी सकाळी, तो नकाशा भिंतीवरून नाहीसा झालेला आढळला.

आम्ही घटनास्थळ बघून ठाण्यात परतलो आणि तासाभरात फोन आला. नाव सांगायला नकार. "जिना बसवायला एक म्हातारा आयरिश सुतार येतो. तो नकाशाबद्दल फार बडबडतो. त्याची व्हॅन बघा. आणि फळीवर दहा घंटांच्या जागा आहेत, घंटा नऊच आहेत, तेही बघा."

व्हॅनमध्ये नकाशा नव्हता. पण हत्यारांच्या पेटीत, जुन्या फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली, पितळेची एक घंटा होती. गोल वळवलेल्या स्प्रिंगवर बसवलेली. मी ती फळीवरच्या रिकाम्या जागेत धरली. खिळ्याच्या भोकांसकट बरोबर बसली! माझा जोडीदार हसून म्हणाला, "झालं. लवकर जेवायला जाऊ."

सुतार सत्तरीच्या आतबाहेरचा होता. हाताची बोटं जाड, आवाज हळू. हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला. "मी काही केलंच नाही, तर त्याला कशाला त्रास?"

"घंटा कुठली?"

"माझ्या आईची. त्या घरात ती कामाला होती. वडील तबेल्यात. माझा जन्म तिथलाच, चौदाव्या वर्षापर्यंत तिथंच होतो. घर मोडलं तेव्हा बहिणीला ही उकिरड्यात सापडली. तिने पोस्टाने पाठवली."

"एका माणसाची एक घंटा असते?"

"खोलीची असते, ऑफिसर. ही दिवाणखान्याची. प्रत्येकीचा आवाज वेगळा. आई पाठ फिरवून भांडी घासत असली तरी न बघता ओळखायची. आम्हाला काय, आई उठून पळाली की कळायचं."

आता मी काय केलं ते सांगतो. विक्रेत्याने घरमालकाला इस्टेटीची एक छापील पुस्तिका दिली होती. ती मी दुपारभर वाचली होती आणि खरं सांगतो, अक्षरशः भारावून गेलो होतो. इस्टेटीभोवतीची उंच भिंत, जी दुष्काळाच्या वर्षी उपाशी माणसांकडून धान्याच्या मोबदल्यात बांधून घेतली होती. लिंडनच्या झाडांची दुतर्फा रांग. हिरवळीच्या टोकाला खोल चर, असा खणलेला की गुरं आत येऊ नयेत आणि दिवाणखान्यातून बघणाऱ्याला मात्र कुंपण दिसू नये. तळ्यावरचा बर्फ उन्हाळ्यापर्यंत साठवायचं अर्धं जमिनीत गाडलेलं बर्फघर. पुढे जमिनी कुळांना गेल्या, घराण्याची पडती लागली, छप्पर उतरवलं. सगळं मला तोंडपाठ झालं होतं. मग ठरवलं, याची परीक्षा घेऊ.

"चौदा वर्षं राहिलात ना? दर्शनी दाराला पायऱ्या किती?"

"ते मला सांगता येणार नाही."

"खांब किती?"

"मोठे होते म्हणतात."

"म्हणतात? लिंडनच्या रांगेतून गेटवर जाताना घर कुठल्या हाताला दिसायचं?"

"आम्ही तिकडून जात नव्हतो. आम्ही खालून जायचो."

"खालून म्हणजे?"

"खालून. तो नकाशा खोटा आहे, ऑफिसर. मी काल मालकांना सांगितलं. त्यात आमची वाटच नाही."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या. पायऱ्या किती?"

त्याने मान खाली घातली. ती शरम होती. मी वहीत लिहिलं, 'उत्तर टाळतो. घर पाहिलेलं नाही.' आणि त्याच्या आधीच्या ओळीत त्याचे शब्द होते, 'आम्ही खालून जायचो. नकाशा खोटा.' मी अटकेच्या कागदांवर सही केली.

कोठडीकडे नेताना तो एवढंच म्हणाला, "मंगळवारी सकाळी माझा शपथविधी आहे. नागरिकत्वाचा. तीस वर्षं मी टाळत आलो. बायकोने टोपी घेतलीय नवीन."

"ते न्यायाधीशांना सांगा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी सहकुटुंब बाबांकडे गेलो. महिन्यातून एकदा बुद्धवंदना त्यांच्याकडे असायची. वंदना झाली, लोक पांगले आणि आई तर्री-पोहे वाढत होती. बाबा एका बांधकाम कंपनीत नकाशे तपासायचे. कागदावर घर दिसलं की त्यांना हात आवरत नसे. मी पुस्तिका बरोबर नेली होती, मिरवायलाच.

"काऊन रे, आज एवढा खूश?"

मी त्यांना सगळी हकीगत रंगवून सांगितली. "आणि बाबा, चौदा वर्षं राहिलो म्हणतो, पण पुढच्या पायऱ्या किती, ते सांगता आलं नाही!"

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पुस्तिकेतल्या आराखड्यावर बोट ठेवलं. "हा तबेला. हे कोळशाचं कोठार, धोबीघर, नोकरांच्या खोल्या. सगळं या आवारात. अन् घर इकडं. मधात नुसती हिरवळ. वाट कुठाय?"

"काढली नसेल."

"तीस-चाळीस माणसं रोज कोळसा, पाणी, कपडे नेतात. गवत टिकते का? पायवाट पडते ना बे. का उडत जात होते?"

आई हसली. बाबा हसले नाहीत. ते आराखड्याकडे बघत राहिले.

"वाट आहे. दिसत नाही, कारण दिसू नये अशी केली आहे. माणसं दिसू नयेत म्हणून." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या गावच्या मालगुजाराच्या घरी मी आठ वर्षं लाकडं टाकली. विचार मला, पुढच्या पायऱ्या किती होत्या?"

मी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

"मले नाही माहीत," बाबा म्हणाले. "त्या माणसाला तू हेच विचारलं?"

पोहे तसेच टाकून मी ठाण्यात गेलो आणि वही उघडली. 'आम्ही खालून जायचो.' खालून म्हणजे जमिनीखालून! डोकं धावू लागलं. भुयार खरं असेल, तर सुतार खरा. सुतार खरा, तर नकाशा खोटा. नकाशा खोटा आहे, हे बाहेर आलं तर कुणाचं नुकसान? घरमालकाला रविवारीच गाठलं. तो म्हणाला, सुतार ते बोलला तेव्हा विक्रेता शेजारीच उभा होता. "मी म्हटलं, उद्या विद्यापीठातल्या कुणाला तरी दाखवून घेऊ." आणि उद्या उजाडायच्या आत नकाशा गायब.

मग ठाण्यात परत येऊन फोनची टेप ऐकली. निनावी खबर देणारा गरजेपेक्षा जास्त सांगू लागला की तो प्रकरणाच्या फार जवळचा असतो, हे मी नवशिक्यांना नेहमी शिकवायचो. दहा जागा, नऊ घंटा. फळी अजून खोक्यातच होती. तिच्यावरच्या घंटा मोजलेली माणसं किती?

सोमवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे दुपारी तीनला, मी त्या आयरिश गावच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. तिथला सार्जंट म्हणाला, "घर कुठलं आता, कावळेच राहतात. बघून येतो." तो दीड तास मी खुर्चीवरून उठलो नाही. जोडीदार कॉफी आणायचा आणि म्हणायचा, "अरे, फोनकडे बघून तो लवकर वाजत नाही."

वाजला.

"आहे हो तुमचं भुयार!" सार्जंटला धाप लागली होती. "आत्ता त्यातूनच चालत आलो. तबेल्याच्या मागे, खाजकुयलीत तोंड आहे. सरळ स्वयंपाकघरात निघतं. माझे बूट बघायला हवे होतेत. पण हे विचारायला अमेरिकेहून फोन कशाला? आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जुना नकाशा गावच्या वाचनालयात भिंतीवर आहे, त्यातही दाखवलंय."

"जुना नकाशा? दोनशे वर्षांपूर्वीचा, हाताने रंगवलेला?"

"तोच. एकच आहे. माझ्या आजोबांच्या आधीपासून तिथंच आहे."

मी टेबलावर अशी मूठ मारली की कॉफी सांडली. दुपारपर्यंत झडतीचं वॉरंट हातात आलं. विक्रेत्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, गुंडाळलेल्या गालिच्याच्या पोटात नकाशा सापडला. कपाटात तीच छापील पुस्तिका आणि तिच्यावरून गिरवलेले पारदर्शक कागद. कडा पिवळ्या करायला वापरलेल्या चहाची किटलीसुद्धा घासलेली नव्हती.

तरी तो म्हणत होता, नकाशा अस्सल आहे, मी फक्त साफ करायला आणला. चौकशीच्या खोलीत मी त्याला एवढंच विचारलं, "दर्शनी दाराला पायऱ्या किती?"

"सात," तो लगेच म्हणाला.

"नोकर कुठून यायचे?"

त्याने टेबलावरच्या पुस्तिकेकडे हात नेला. मी सार्जंटचं बोलणं वाचून दाखवलं. पाच मिनिटांनी त्याने कबुलीजबाब द्यायला सुरुवात केली. सुतार खोके उतरवत असताना त्याच्या पेटीतली घंटा विक्रेत्याने पाहिली होती. संशय वळवायला ती आयतीच मिळाली.

सोमवारी संध्याकाळी पाचला सुतार सुटला. दाराशी त्याची बायको उभी होती. त्याने विचारलं, "घंटा?" पुरावा-कक्षाचा कारकून घरी गेला होता. "पावती घेऊन पुन्हा या," मी म्हणालो. माफी ओठांवर होती. पण लेफ्टनंटने आधीच बजावलं होतं, "सॉरी म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे कोर्टात कबुली." मी हात पुढे केला आणि म्हणालो, "तुम्ही जाऊ शकता."

मंगळवारी तो शपथविधीला गेला. तिथल्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: मुलाखतीनंतर तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तो माणूस खोटं लिहिणारा नव्हता. त्याने 'हो' लिहिलं. त्याला रांगेतून बाहेर काढून परत पाठवलं. मी निर्दोषत्वाचे कागद पाठवले, पत्रं लिहिली. तरी पुढचा शपथविधी यायला दीड वर्ष लागलं. मला मात्र त्या केसबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. मराठी मंडळात टाळ्या मिळाल्या. ज्या काकांनी मला प्रॉब्लेम विचारला होता, त्यांनी उभं राहून ओळख करून दिली. बाबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी जाताना गाडीत एवढंच विचारलं, "त्या माणसाला भेटला का?"

तपासात सगळ्यात धोकादायक काय असतं, असं मला तरुण अधिकारी विचारत. मी सांगत असे, उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न. मी पुस्तिकेतून घर शिकलो होतो आणि ते चौदा वर्षं खालून पाहिलेल्या माणसाला खोटं ठरवलं. हे दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर समजू शकलो असतो. मी तर आठ वर्षं मागच्या दाराने लाकडं टाकलेल्या माणसाचा मुलगा.

त्याने शपथ घेतल्याचं कळलं त्या आठवड्यात, एका शनिवारी सकाळी, मी त्याच्या घरी गेलो. लेफ्टनंटला विचारलं नाही. दारावर बटण नव्हतं. एक दोरी होती आणि वर, गोल स्प्रिंगवर, तीच घंटा. मी दोरी ओढली. आवाज ओळखीचा नव्हता. पुराव्याच्या पिशवीत ती कधी वाजलीच नव्हती.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. त्याने मला ओळखलं.

"माझी आई या आवाजावर धावायची," तो म्हणाला. "मी सावकाश येतो. मुद्दाम."

त्याने मला आत बोलावलं. मी आत गेलो नाही, पायरीवरच उभा राहिलो, कारण दीड वर्ष पाठ केलेलं वाक्य खुर्चीत बसून म्हणता आलं नसतं.

"तुम्ही मला खरं सांगत होतात आणि मी ते लिहूनही घेतलं. मी तुम्हाला पायऱ्या किती, हे विचारलं. त्या तुम्हाला कुणी चढू दिल्या नाहीत, हे मला कळायला हवं होतं. चूक खात्याची नव्हती, माझी होती. मला माफ करा."