तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी

माझ्यावर कोणी विश्वासच ठेवत नव्हतं हो. आता ही तक्रार करायला मला तोंड उरलंय का, ते तुम्हीच ठरवा.

त्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि झाईला आमच्या चिकूवाडीत पाहुणा फिरकेना. वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या, त्यावर आमचं घर. मी एकेकाला फोन लावायची, "धक्के तिकडे आतल्या गावांत. आमच्याकडे समुद्र आहे, चिकू आहे, या." उत्तर ठरलेलं, "मावशी, पुढच्या वर्षी बघू."

चार महिन्यांनी ठाण्याचं एक कुटुंब आलं. शेजारच्या वाडीतही दोन गाड्या उतरल्या. जेवताना ठाण्याचे काका म्हणाले, "मावशी, खरं सांगा. घाबरण्यासारखं नाही ना?"

"मी इथे पाय पसरून झोपते. भीती कसली?"

आमचे हे उगाच खोकले. कारण आत फळीवर तांब्या, तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी अशी उतरंड रचलेली. तेव्हा घरोघरी असायची. वाजली की बाहेर पळायचं. पाहुण्यांना हे कोण सांगणार?

काका भला माणूस. मी वाढतेय बघून पाणी घ्यायला स्वतःच आत गेले आणि नेमका तोच पेला उचलला.

वाटी खणखणली. पुढचं मला यांनी सांगितलं, कारण मी घरात नव्हतेच. पापलेटची कढई घेऊन मी रस्त्यावर, आणि ओरडतेय, "आला, आला, बाहेर पडा!"

सगळा पाडा बाहेर. शेजारच्या दोन्ही गाड्या सामान न घेताच सुटल्या. काका पेला घेऊन दारात उभे, "मला तर काही जाणवलं नाही." त्यांची बायको बॅग भरत म्हणाली, "रोज इथे राहणारी बाई पळाली. आपण कशाला थांबायचं?"

दुसऱ्या दिवशी सरपंच आले. गावातली सगळी बुकिंगं रद्द. "भूकंपाची ही बातमी उठवली कोणी?"

"त्या ठाण्याच्या काकांनी. दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यांना हात लावतात का?"

"पेला त्यांनी उचलला. ओरडलं कोण?"

मी यांच्याकडे बघितलं, माझी बाजू घेतील म्हणून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं', 'ऐकलंस का', बस. त्या दिवशी चारचौघांत, अगदी स्पष्ट म्हणाले,

"शेवंता."