उतारावरचे लेंडीबाबा

लेंडीबाबा माणसाआधी उतार बघत. खतासाठी कुणाच्या शेतात रात्रीची मेंढरं बसवायची असली, की मालकाला रामराम घालण्यापूर्वीच ते बांधावर उभे राहून पाणी कुठून कुठे धावेल ते न्याहाळत. त्यांचं खरं नाव निराळंच होतं. मेंढरांची लेंडी शेताला देणारा धनगर म्हणून आम्ही उरवडे गावच्या बायकांनी त्यांना हे नाव ठेवलं, आणि म्हाताऱ्याने ते बिनतक्रार घेतलं.

एकोणीसशे वीस सालानंतरचे ते दिवस. मी नवी सून. आमचं वावर डोंगराच्या उतारावर, गावापासून लांब; दिवसभर मी तिथे एकटीच राबायची. दिवाळी सरली की बाबा कोरड्या मुलखातून कळप घेऊन यायचे. आधी खाली नेरे गावाच्या सपाट शेतांत मुक्काम, मग एकेक गाव चढत शेवटी आमच्याकडे. त्यांची बायको कधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मेंढरांशी बोलावं तसंच ते माझ्याशी बोलत. "तू आन मी, दोगंबी उतारावरची मानसं," म्हणायचे. "आपल्याकडं कुनी चुकूनच येतंय."

त्याच सुमारास खाली गोणीतलं विलायती खत आलं. गाडीवाट होती तिथवर ते पोचलं. सपाट खाचरांत पाणी थांबायचं, तसं खतही थांबायचं. पीकही जोमदार यायचं. ते बघून आमच्या घरधन्यांना हुरूप आला. डोक्यावरून एक गोणी वर आणली आणि कळप घेऊन आलेल्या बाबांना सांगितलं, "यंदा मेंढरं नगंत." बाबा भांडले नाहीत. उताराकडे बघत एवढंच म्हणाले, "मालक, पावसालाबी इचारून घ्या."

आषाढात सगळं खत वाहून खाली चुलतसासऱ्यांच्या खाचरात उतरलं. त्यांचा भात जोमाने हिरवा काळाभोर झाला, आमची नाचणी पिवळी पडली. घरधनी महिनाभर त्या बांधावरून गेले नाहीत. दिवाळीला मात्र गुमान नेऱ्याला जाऊन त्यांनी बाबांसाठी निरोप ठेवला, मेंढरं घेऊन या म्हणून.

बाबा आले, पण एकटेच. खांद्यावर घोंगडी तेवढी होती. गोणीतलं खत आल्यापासून खालची गावं त्यांना शेतात घेत नव्हती, म्हणून त्यांनी कळप विकून टाकला होता.

"आमी तर बोलावलं व्हतं की," घरधनी म्हणाले.

"व्हय. पर तुमच्या एका वावराव कळप किती दिस जगायचा? खालच्या पायऱ्याच मोडल्या, तर वर चढावं कसं?"

चूक घरधन्यांना कळली होती, पण ती आता त्यांच्या एकट्याने निस्तरण्यासारखी नव्हती.

बाबांनी वावराच्या मधोमध घोंगडी अंथरली. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हसून म्हणाले, "औंदा मीच बसलोय, पोरी. काय पिकतंय बघ."

मला रडू आवरेना. भाकरी खाऊन ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मग घोंगडी झटकून खाली उतरून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. पुढे मी डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहून त्या वावरात नाचणी पिकवली. पीक बरं यायचं. दिवसभर बोलायला मात्र कुणी नसायचं.